फिल्डवर्कची पोरं कोणाच्या देखरेखीखाली?

(तालुक्यातील वनहक्क समित्यांच्या बैठकीत केलेले भाषण. ज्या पाड्यांना बैठकीला येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. पाड्यावर रात्री वाचून दाखवावे.)



राब भाजून झालेत, पेरणी तोंडावर आलीय. कोणालाच जास्त वेळ बसायला जमणार नाही. दाव्यांचा हिशेब सकाळी झाला. राहिला एक विषय. आवणी संपली की समाजकार्य कॉलेजची पोरं दरवर्षीसारखी आपल्याकडे यायची आहेत. कॉलेजचं पत्र आलंय. तीन पाड्यांनी कळवलंय, यंदा पोरं नकोत. दोन पाडे म्हणतात, उलट दोन जास्त द्या, आमचे दावे लिहायचे राहिलेत. दोघांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय, आणि दोघांनाही आज थोडं बोलणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी शेवटपर्यंत अंदाज करत बसायला नको. पोरं येऊ द्यावीत. पण त्यांच्यावर देखरेख कॉलेजची आणि संघटनेच्या ऑफिसची एवढीच चालणार नाही. पाड्याची पाहिजे.

ही पोरं येतात कशाला, हे अजून पुष्कळांना नीट माहीत नाही. कोणाला वाटतं सरकारनं पाठवली. कोणाला वाटतं संघटनेनं पगारावर ठेवली. एका आजीनं एका पोरीला रेशनकार्डाची तक्रार सांगितली आणि वर्षभर वाट बघितली की त्या मॅडम कार्ड घेऊन येतील. मॅडम कसली! एकवीस-बावीस वर्षांची विद्यार्थिनी ती. परीक्षा देऊन कधीच निघून गेली होती.

तर असं आहे. डी.एड.चा पोरगा शाळेत जाऊन पाठ घेतो, मागं बाकावर त्याचे सर वही घेऊन बसतात. डॉक्टरकी शिकणारा मोठ्या डॉक्टरच्या मागून वॉर्डात फिरतो. तसंच समाजकार्य शिकणाऱ्याला, बी.एस.डब्ल्यू. असो की एम.एस.डब्ल्यू., आठवड्यातले दोन दिवस लोकांमध्ये काढावे लागतात. परीक्षा झाली की पुष्कळ कॉलेजं महिनाभर एका जागी राहायला पाठवतात. त्याला ते ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. जे पाहिलं, जे केलं, ते दर वेळी लिहून काढायचं. त्या लिखाणाला रेकॉर्डिंग म्हणतात. टेपरेकॉर्डर नव्हे, वहीच. कॉलेजातल्या मॅडम किंवा सर ती वही वाचतात, आठवड्यातून एकदा पोराला समोर बसवतात आणि विचारतात, असं का केलंस, तिथं गप्प का बसलास, तुला राग आला तेव्हा काय झालं. ही झाली सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख. चांगली पद्धत आहे. आपल्या कार्यकर्त्यांना असं आठवड्याला कोणी समोर बसवून विचारलं असतं तर आपलीही पुष्कळ भांडणं वाचली असती.

दुसरी देखरेख एजन्सीची. एजन्सी म्हणजे आपण. हसू नका. आपल्याकडे एजन्सी म्हणजे गॅसची नाहीतर खताची, पण कॉलेजच्या कागदावर आपली संघटना एजन्सी म्हणूनच लिहिलेली आहे. एजन्सीच्या माणसानं पोराला काम द्यायचं, बरोबर राहायचं, वर्षाअखेर त्यानं काय शिकलं ते सांगायचं. त्यावर त्याला मार्क मिळतात. तीन वर्षं ते काम माझ्याकडे आहे. म्हणून हे बोलतोय.

ही पद्धत आली कुठून तेही सांगतो, कारण त्यात एक गाठ आहे. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्याची पहिली शाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकेहून आलेले मिशनरी तिथं वस्तीत केंद्र चालवत होते, ते तिचे पहिले प्रमुख. पैसा टाटांच्या ट्रस्टचा. देवनारची आजची टाटा संस्था ती हीच. तेव्हाची मुंबई म्हणजे गिरण्या, चाळी, बंदर. पद्धत बरीचशी अमेरिकेतल्या शहरांतून आलेली. तिथं गरीब माणूस मदत मागायला दारात आला तर त्याच्या घरची सगळी हकिकत घ्यायची, त्याची अडचण काय ते ओळखायचं, त्याला उभं करायचं. एकेका माणसाचं काम, म्हणून केसवर्क. शहरात ते लागतं. दवाखान्यात तर लागतंच. आपला माणूस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेला की कुठं रांग, कुठं कागद, काही कळत नाही. तेव्हा तिथला समाजसेवा अधीक्षकच त्याला हाताला धरून नेतो. तो असंच फिल्डवर्क करून शिकलेला असतो.

पण डोंगरावर आल्यावर गाठ बसते. दोन वर्षांमागं एक पोरगा आला. हुशार, मनाचाही चांगला. एका घरातला बाप्या सारखा पिऊन पडलेला असायचा. पोरानं वहीत लिहिलं, व्यसनी व्यक्ती, समुपदेशनाची गरज. चार गुरुवार तो त्याच्याजवळ जाऊन बसला. पाचव्या गुरुवारी त्या घरच्या बाईनं पेटीतून फडकं काढलं. फडक्यात कागद. १९८० च्या पुढच्या दंडाच्या पावत्या, फॉरेस्टच्या गुन्ह्याचे कागद, एक नोटीस. त्या साली उभ्या नागलीत गुरं घातली होती, ते तिनं सांगितलं. पोरगा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारतो, दादा, ही केस कोणाची म्हणून लिहू? मी म्हटलं, तुझ्या मॅडमना विचार. मॅडमनं त्याला सांगितलं, पानाच्या वर बाप्याचं नाव आहे ते खोडू नकोस, पण खाली प्लॉटाची हकिकत लिही. मला हे उत्तर आवडलं. दारू खोटी नव्हती. पण तिच्यामागं फडकं होतं.

आणि ते फडकंच पुढं कामाला आलं. कायदा आल्यावर ज्या पावत्यांना आपण शाप देत होतो त्याच पुरावा झाल्या. फॉरेस्टनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की हा माणूस त्या साली त्या जागेत कसत होता.

आता नको म्हणणाऱ्या पाड्यांचं. त्यांचं म्हणणं असं, की कोणीतरी येतं, फॉर्म काढतं, घरात किती माणसं, प्लॉट किती, कधीपासून, शेळ्या किती, कर्ज किती असं सगळं विचारतं, अंगठा घेतं, जातं. कागद पाड्यावर परत येत नाही. कुठं गेला, कोणी वाचला, पत्ता नाही. बरोबर आहे. माझ्या समजुतीनं हे आपली पोरं नव्हती, दुसऱ्याच कोणाचं सर्वेक्षण होतं. पण पाड्यानं कसं ओळखायचं? पँटवाला, वहीवाला, सगळे सारखेच.

आणि कागद किती घातक असू शकतो ते एका पानावरून सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका पोरीनं एका घराची हकिकत लिहिली. स्वच्छ अक्षर, काळजीनं लिहिलेली. त्यात एक वाक्य होतं: "या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी जमीन साफ करून शेती सुरू केली." संपलं. एवढ्या एका वाक्यानं दावा मेला असता. कारण कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्याच्या आधीपासून कसत असाल तर हक्क, नंतर कसायला घेतली असेल तर नाही. झालं होतं काय, तर त्या बाबांचा प्लॉट बापाच्या वेळचा. मधे दोन-तीन सालं पडीक ठेवला, जमिनीला विसावा म्हणून, आपण ठेवतोच. करवंद, दगडीपाला माजला. दोन वर्षांपूर्वी ते झुडूप काढून परत वरई टाकली. बाबा म्हणाले, "दोन सालामागं साफ केली." ते बरोबर बोलले, पोरीनंही ऐकलं तसंच लिहिलं. पण शहरात जमीन साफ करणं म्हणजे झाडं तोडून नवी जमीन काढणं. आपल्याकडे साफ करणं म्हणजे आपल्याच जमिनीवरचं झुडूप काढणं.

ते पान मी वाचलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं नसतं, कारण मी त्या पाड्याचा नाही. ते लक्षात आलं कारण त्या पाड्यावर रिवाज आहे, जे लिहिलं ते रात्री शेकोटीवर वाचून दाखवायचं. पोरीनं वाचलं. बाबा काही बोलले नाहीत, बाजूला बसलेली त्यांची भावजय बोलली. "साफ केली म्हणजे? तुझा बाप काय करत होता मग तिथं?" तिथंच पान दुरुस्त झालं. नसबंदीच्या सालाआधी बापानं बांध घातला, तो बांध अजून आहे, बांधावर आंबा आहे, आंबा कोणी लावला, सगळं त्या रात्री निघालं. कॉलेजच्या मॅडमना हे कळलं असतं का? त्या कितीही शिकलेल्या असोत, कळलं नसतं. मी तीन वर्षं पोरांची वही तपासतोय, मला कळलं नाही. भावजयीला कळलं. म्हणून मी म्हणतो, देखरेख पाड्याची पाहिजे. ही काही त्या पोरांवर अविश्वासाची गोष्ट नाही. ज्याचं बोलणं लिहिलं त्याच्यासमोर ते वाचलं गेलं नाही तर ते लिखाण कच्चंच राहतं.

जास्त पोरं मागणाऱ्या दोन पाड्यांनी आता ऐका. तुम्हाला लिहिणारा हात पाहिजे. पाहिजेच, मी समजतो. २००८ च्या १ जानेवारीला नियम आले, फॉर्म आले, प्रत्येक दाव्याला निदान दोन पुरावे लावायचे, नकाशा, जातीचा दाखला, सगळं आलं. शाळेत गेलेला माणूस पाड्यावर एखादा. पण दावा तपासायचं काम वनहक्क समितीचं आणि ग्रामसभेचं. दहा ते पंधरा माणसांची समिती तुम्हीच निवडलीय, त्यात तिसरा हिस्सा बाया आहेत. जागेवर जाऊन बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं, बांध मोजायचा, ते त्यांनी करायचं. पोरानं त्यांच्यामागं चालायचं आणि लिहायचं. एका पाड्यावर काय झालं, समिती घरी बसली आणि दोन पोरांनी दोन दिवसांत चाळीस दावे लिहिले. म्हाताऱ्या माणसांचे जबाब सगळे एका साच्यातले. "मी अंदाजे साठ वर्षांचा असून सदर जमीन अर्जदार वडिलोपार्जित कसत असल्याचे मला ज्ञात आहे." आपला कोणता म्हातारा असं बोलतो? तालुक्याला ते बघितल्यावर साहेब म्हणाला, हे तर सगळे एकाच माणसानं लिहिलेले दिसतात. आणि चाळीसच्या चाळीस परत पाठवले.

मग बसून परत लिहिले. ह्या वेळी जसं बोलले तसं. एक आजी म्हणाली, "बहात्तरचा दुष्काळ पडला तवा माझी थोरली पोर पाठीवर होती, मी तिथंच नागली खुडत होते, हा शेजारी तवा रांगत होता." साल आलं, जागा आली, शेजारी आला. असा जबाब खोटा म्हणायला साहेबालाही जड जातं. नियमात म्हाताऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरलाय. दावेदार स्वतः सोडून दुसऱ्या कोणाचा पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. आणि दगडाचा बांध, घराचं जोतं, विहीर, मसणवट, हेही पुरावे आहेत. पोरांनी ते पाहिले पाहिजेत. ऑफिसात बसून नाही दिसत.

अजून एक. फॉर्मवर बाईचं नाव. लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, असं कायद्यात आहे. आपले बाप्ये सांगताना स्वतःचंच नाव सांगतात, आणि पोरगं लिहीत जातं. इथं मात्र एका पोरीनं आपल्यालाच शिकवलं. तिनं पेन खाली ठेवला आणि म्हणाली, ताईंना बोलवा, मग लिहिते. बाप्या म्हणाला, ती पाण्याला गेलीय. ती म्हणाली, मी थांबते. तासभर थांबली. शिकायला आलेल्या माणसाकडून आपणही शिकतो ते असं. देखरेख म्हणजे नुसता धाक धरणं नव्हे.

आता फॉरेस्टवाल्यांची गोष्ट. काही कार्यकर्ते म्हणतात, शहरातली पोरं पुढं केली की गार्ड मऊ पडतो. पडतो, मी पाहिलंय. जी जीभ आपल्याला अरे-तुरे करते तीच पोरांसमोर "बसा ताई, पाणी घ्या" म्हणते. पण पोरं गुरुवारी आणि शुक्रवारी असतात. सोमवारी कोण असतं? सोमवारी गार्ड असतो आणि तुम्ही असता. गुरुवारी त्याचा अपमान झाला तर तो सोमवारी निघतो. म्हणून पोरांना पुढं करून काही करायचं नाही. कुदळ अडवायला फॉरेस्टची गाडी आली तर पोरांनी बाजूला उभं राहायचं, काय झालं ते तारीख-वार लिहायचं आणि तुमचं ते तुम्ही बोलायचं. तुम्हाला बोलता येतं. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला जागेवरून काढता येत नाही, ते कलम चारमध्ये पोटकलम पाचला आहे, पाड्यावरच्या सातवीतल्या पोरालाही आता पाठ आहे. शिवाय परक्या घरच्या पोरावर गुन्हा दाखल झाला तर त्याचं शिक्षण जाईल. त्याच्या आईबापाला आपण काय तोंड दाखवणार? काही पोरांना स्वतःलाच मोठा उत्साह असतो, घोषणा द्यायला पुढं पळतात. त्यांना धरून मागं आणायचं कामही देखरेखीचंच.

त्यांच्या जिवाचीही काळजी घ्यावी लागते. पावसात ओहळ चढलेला असला तर पोरांना पलीकडे जायचं नाही म्हणून सांगा. ती ऐकणार नाहीत, कॉलेजची हजेरी चुकेल म्हणून निघतील. बसवून ठेवा. ताप आला तर रक्त तपासायला न्या, भगताकडे नंतर. पोरींना झोपायला ज्या घरी बाया आहेत तेच घर. आणि जेवणाचं, जे तुमच्या ताटात ते त्यांच्या. कोंबडी कापायची नाही. एका घरानं उसने पैसे काढून कोंबडी कापली आणि पोरानं वहीत लिहिलं, खाण्यापिण्याची परिस्थिती समाधानकारक. त्या वहीवर मग काय बोलायचं!

वेळेचंही सांगतो. कॉलेज जूनमध्ये उघडतं, त्यांना जुलैपासून पोरं पाठवायची घाई. पहिल्या साली पाठवली. पाड्यावर सगळे आवणीला, घरात म्हातारी आणि कोंबड्या. पोरं दिवसभर पडवीत बसून गेली आणि रिपोर्टात आलं, लोकांचा सहभाग कमी. तेव्हापासून आपण लिहून दिलंय, आवणी होईपर्यंत पोरं नकोत, आणि आलीच तर चिखलात उतरायचं. मागच्या साली दोघं उतरली. संध्याकाळी कंबर धरून बसली होती, पण त्या रात्री त्यांच्याशी लोक जेवढं बोलले तेवढं नंतर महिनाभरात बोलले नाहीत.

आपल्यातलीही पोरं आता ह्या शिक्षणाला जायला लागलीत, हे विसरू नका. आश्रमशाळेतून बारावी, मग बी.ए., मग एम.एस.डब्ल्यू. वरच्या पाड्यातली पोरगी शहरात झोपडपट्टीत फिल्डवर्क करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, तिथं मला कोणी घरात घेत नाही, दारातनंच बोलतात, आधी बाया येऊन गेल्या त्यांनी फोटो काढले म्हणतात. म्हणजे जे तीन पाडे इथं म्हणतायत तेच तिथली वस्ती तिला म्हणते. तिला मी विचारलं, मग तू काय करतेस? म्हणाली, मी वही दाखवते. वाचा, नाहीतर मी वाचून दाखवते. मग दार उघडतं.

तर कॉलेजला पत्र लिहायचं आहे ते असं लिहू, तुमची संमती असेल तर. पोरं आवणीनंतर येतील. एका पाड्यावर दोन, जास्त नाहीत, आणि वर्षभर तोच पाडा. पाड्याबद्दल, घराबद्दल, दाव्याबद्दल जे लिहिलं जाईल ते आधी पाड्यावर वाचून दाखवायचं आणि मगच कॉलेजात जाईल. पोराच्या स्वतःच्या मनातलं काय ते त्यानं त्याच्या मॅडमना लिहावं, ते आपण मागत नाही. तेवढी जागा त्याला पाहिजे. कॉलेजच्या वहीत माणसाचं खरं नाव आणि प्लॉटाचा आकडा जाणार नाही. दाव्याचे मूळ कागद पाड्याबाहेर जाणार नाहीत, झेरॉक्स काढायची तर समितीचा माणूस बरोबर जाईल. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, कोणीही मागितला तरी. कॉलेजच्या मॅडमनी वर्षातून निदान दोनदा पाड्यावर येऊन रात्र काढावी, सकाळच्या एस.टी.नं येऊन दुपारच्या एस.टी.नं जाऊ नये. आणि वर्षाअखेर मार्कांचा कागद येतो त्यावर मी एकटा सही करणार नाही. समितीच्या दोन माणसांनी सांगायचं, त्यातली एक बाई, ते मी त्यांच्या शब्दांत लिहीन. कॉलेजला हे पटेल का? मला वाटतं पटेल. मॅडमशी बोलणं झालंय, एका रात्रीचं त्या दोन करू म्हणाल्या.

ज्या तीन पाड्यांना तरीही नको आहे, त्यांच्यावर जबरदस्ती नाही. पण तुमच्याकडे येऊन गेलेला तो सर्वेक्षणाचा कागद कोणाचा होता, ते आपण शोधू. कोणाजवळ त्या फॉर्मची कोरी पानं, एखादी पावती, त्यांचा फोन नंबर काहीही असेल तर आज जाताना ऑफिसात देऊन जा.

जास्त पोरं मागणाऱ्या पाड्यांनी आधी आपली समिती बसवा. दर गुरुवारी संध्याकाळी समितीतले कोण दोघं पोरांबरोबर फिरणार, नावं लिहून आणा. नावं आली की पोरं देतो. राहायचं घर कोणतं तेही त्याच कागदावर लिहा, घरच्या बाईला विचारून.